घशातली वाट

डॉक्टर: जिना चढून आलात तेव्हापासून ऐकतोय, मास्तर. श्वास घेताना शिट्टी वाजतेय.

मास्तर: कॉलर घट्ट झाली असेल. शिंप्याचेच कपडे कधी नीट नसतात.

बायको: बटण उघडंच आहे, मी हात लावून पाहिलंय. डॉक्टर, श्वासासाठी गळ्याला भोक पाडून घातलेली ती नळी काढली आणि थोड्याच दिवसांत हे सुरू झालं. मला दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. विचारलं की म्हणतात, शिलाई मशीन कुरकुरतंय.

डॉक्टर: नळी काढताना बजावलं होतं ना, दुर्बिणीने तपासून घ्यायला येत राहा म्हणून? जखम भरताना आत व्रण धरतो, श्वासाची वाट आवळत जाते. वेळेवर कळलं असतं तर औषधाने, आत फुगा फुगवून वाट ताणून भागलं असतं. का नाही आलात?

मास्तर: तुम्ही परत नळी घातली असती.

डॉक्टर: ती घालावी लागू नये म्हणूनच तर बोलावत होतो.

बायको: अहो, खरं काय ते सांगा त्यांना.

मास्तर: नळी होती तेव्हा आवाज नव्हता, डॉक्टर. ही हाक मारायची आणि मी समोरच बसलेला. लिहून दाखवावं तर वाचणार कोण? टाळी वाजवली की विचारायची, कोण आलंय? उठून हात धरेपर्यंत रडकुंडीला यायची. आवाज परत आला तेव्हा ठरवलं, आता हा जाऊ द्यायचा नाही.

बायको: आणि श्वासच गेला असता म्हणजे?

मास्तर: तिथवर विचार नाही केला.

डॉक्टर: आज ताणून बघतो. वाट नाहीच उघडली, तर मात्र नळीवाचून इलाज नाही.

(संध्याकाळी, वॉर्डातल्या खाटेपाशी.)

डॉक्टर: व्रण फार पक्का झाला होता, बाई. नळी घालावी लागली. जिवाला धोका नाही. आवाजासाठी पुढे मोठी शस्त्रक्रिया करता येईल का, ते बघू. खात्री देत नाही.

बायको: जागे आहेत?

डॉक्टर: आहेत. तुमच्याकडेच बघतायत.

बायको: अहो, हात द्या इकडे. रागावले नाहीये मी. माझ्यासाठी दम कोंडून बसलात आणि मलाच सांगितलं नाहीत, त्याचं वाईट वाटलं. राहू दे ते. मी बोलत राहते. तुम्ही हात तेवढा सोडू नका.