पंप कोण, मोटर कोण

बारक्या : मॅडम, त्यांना सांगा, चूक माझ्या फाइलीत नाही.

मॅडम : तूच सांग की! टेबलापलीकडे तर बसलेत तुझे सख्खे भाऊजी.

भाऊजी : मॅडम, ऑफिसात ‘भाऊजी’ नको. हा सगळ्यांसमोर ‘भाऊजी, चुकलात!’ म्हणून ओरडला, तेव्हापासून वॉचमनसुद्धा मला भाऊजी म्हणतो.

मॅडम : बरं, साहेब. खाली दवाखान्याची माणसं औषधाचा पंप बघायला येऊन बसलीत. चहावर चहा पाजतेय मी त्यांना. तो चालू का होत नाही?

बारक्या : नवा कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, टाकल्यापासून पंप चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम बिल्डच होत नाही. माझं मोटरचं हेडर, म्हणजे मोटरची ओळख लिहिलेली फाइल, वाचताना कॉम्प्युटरचं घोडं अडतं. म्हणतं, ‘पंप’ हा टाइप कोण? मी नाही ओळखत.

मॅडम : परवापर्यंत ओळखत होतं ना?

भाऊजी : वशिल्याने. जुन्या कर्नेलच्या हेडरात आपण एक ओळ घुसवली होती, तिच्यामुळे सगळे टाइप आपोआप यायचे. नव्यात ती ओळ नाही. त्याला सांगा, माझं पंपाचं हेडर वर जोड.

बारक्या : त्यांना सांगा, जोडलं! आता पंपाचं हेडर विचारतंय, ‘मोटर’ कोण?

भाऊजी : मग मी त्याचं जोडतो. हं... आता पुन्हा पंप कोण!

मॅडम : म्हणजे हा म्हणतो आधी तू, तो म्हणतो आधी तू. आणि मी मधल्यामधे टपालखातं!

बारक्या : अहो, पण मला तुमच्या पंपाच्या पोटात काय आहे ते बघायचंच नाहीये! नुसता पत्ता ठेवायचाय त्याचा.

भाऊजी : नुसता पत्ता? मग अख्खं हेडर कशाला ओढतोयस, शहाण्या? वर एक ओळ लिही, पंप नावाचा कुणीतरी आहे. बाकीचं मागाहून कळेल कॉम्प्युटरला.

बारक्या : आणि तुम्ही मोटरचं तसंच लिहा.

भाऊजी : लिहिलं. चालव.

(मॅडम तोंडावर हात ठेवून हसू दाबतात. पंप घुरघुरू लागतो.)

बारक्या : झालं! भाऊजी, झालं!

मॅडम : ओरडू नकोस रे, वॉचमन वर येईल. द्या तो पंप इकडे. आणि दोघं थेट बोलताय हे लक्षात आलं नसेल, तर येऊही देऊ नका.

बारक्या : ...गेल्या?

भाऊजी : गेल्या.

बारक्या : त्या दिवशी मी ओरडायला नको होतं.

भाऊजी : चुकलो होतो मी. तू बरोबर होतास. ...रविवारी जेवायला ये.

बारक्या : ताई चिडली असेल.

भाऊजी : ती काही बोलत नाही. फक्त दर रविवारी एक ताट जास्तीचं मांडते, आणि मला म्हणते, चुकून झालं.