तपासणीच्या वेळी झोपलेली आंबुशी

ता. १६ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी भुरभुर, दुपारी कडक ऊन, संध्याकाळी आभाळ मोकळं, सूर्य सहा वाजून बत्तीस मिनिटांनी मावळला... हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही, वहीत लिहिलंय, आणि ती बत्तीस मिनिटं तेवढी लक्षात ठेवा, कारण त्यांनीच घात केला, नाहीतर ज्या वाफ्यात मी चौदा महिने चार प्रकारची आंबुशी वाढवली त्याला गवत म्हणायची कुणाची टाप होती? गवत म्हणे.

तुम्हाला सांगतो, आंबुशी तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. कुंडीच्या कडेला, नळाखाली, बदामाच्या आकाराची तीन पानं आणि पिवळं फूल. शाळेतून येताना तोडून चघळलीय, आंबट लागलीय, आणि मोठे झाल्यावर, फ्लॅट घेतल्यावर, तीच खुरप्याने काढून फेकलीय. तो एक प्रकार. दुसरी गुलाबी फुलांची, तिच्या पायाशी हरभऱ्याएवढे कांदे असतात, एक उपटलात तर दहा मागे राहतात. तिसरी जांभळी, फुलपाखरं बसलीत की काय असं वाटावं अशी पानं, ती वाकडच्या नर्सरीतून आणली. तिला पाणी जास्त झालं की कांदा कुजतो, म्हणून मी चमच्याने पाणी घालायचो, तर विजयश्री, म्हणजे माझी बायको, म्हणते कशी, “टायफॉइडमध्ये मला कधी असं चमच्याने पाजलं नाहीत.” आणि चौथी चार पानांची, मधोमध तपकिरी नक्षी काढलेली. हे सगळं कुठे, तर पार्किंगच्या भिंतीलगत सहा फूट बाय तीन फुटांच्या वाफ्यात, जिथे अर्धा दिवस ऊन आणि अर्धा दिवस सावली, म्हणजे आंबुशीला हवी अगदी तशी. गवत म्हणे.

आता आमची सोसायटी रहाटणीतली. माझं काळेवाडीत झेरॉक्सचं दुकान, पण मला सोडलं तर झाडून सगळे पुरुष कंपनीतले, आजी नाहीतर माजी. चेअरमन दौलतराव भोसरीच्या एका कंपनीतून चौतीस वर्षांनी रिटायर झाले, पण कंपनी काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. जिन्यात पिवळे पट्टे मारलेत, झाडू ठेवायच्या जागेवर भिंतीवर झाडूचं चित्र काढलंय, आणि जी वस्तू कामाची नाही तिला लाल चिठ्ठी लागते, की आठवड्याच्या आत ती भंगारात. तळमजल्यावरचे आबाजी खुर्चीत बसलेले असताना त्या खुर्चीला चिठ्ठी लागली होती, आता बोला.

तर सप्टेंबर लागताच ती चिठ्ठी माझ्या वाफ्याला लागली. मी तडक वर गेलो.

“जयसिंगराव,” दौलतराव म्हणाले, “ते गवत काढा, तिथं दोन गाड्या लागतात.”

“गवत नाही हो, आंबुशी आहे. चार प्रकारची.”

“गवतही चार प्रकारचं असतं. भावना नको राव, डेटा द्या.”

डेटा? मी तीन वह्या नेऊन त्यांच्या टीपॉयवर ठेवल्या. रोजची पानं, रोजची फुलं, पाणी किती चमचे... त्यांनी दीड पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे वाचायला एक माणूस भरावा लागेल. तुम्ही असं करा, पास कशाला म्हणायचं ते एका ओळीत लिहून द्या. बुद्धभूषण तपासेल. पास तर वाफा तुमचा.”

मला आनंदच झाला. बुद्धभूषण तिसऱ्या मजल्यावरचा, चाकणला क्वालिटीत आहे, गुणी पोरगा, आणि त्याची आई सोजरबाई माझ्याच वाफ्यातली पिवळी आंबुशी नेऊन चटणी वाटते, वाटीभर आम्हालाही देते. “आमच्या नांदेडकडं हिला आंबोटी म्हणतेत,” असं दर वेळी सांगते. म्हटलं, घरचाच माणूस. आणि मी, या हाताने, लिहून दिलं: ‘पानं पूर्ण उघडी व ताठ असावीत.’

यात काय चुकलं म्हणाल? काही नाही. फक्त आंबुशी दिवस मावळला की पानं मिटते, छत्री मिटावी तशी. मला माहीत नव्हतं? सव्वाचारशे संध्याकाळी लिहून ठेवलंय मी. म्हणून तर तपासणी सोळा तारखेला पावणेसहाला ठेवली, कारण बुद्धभूषणच्या कंपनीची बस पाच चाळीसला येते. रोज येते. त्या दिवशी तळवड्याला कंटेनर आडवा झाला.

सहा वाजले, सव्वासहा... मी फोन करतोय, तो म्हणतोय, “काका, बस हललीच नाही अजून,” इकडे ऊन भिंतीवरून वर सरकतंय, मी आरसा धरून कवडसा जांभळीवर पाडतोय, विजयश्री विचारते, “टॉर्च आणू का?” आणि सोजरबाई म्हणते, “भाऊ, जरा बोलत ऱ्हावा तिच्याशी, डोळा लागाय नको.” मी बोललो. तुमच्यापासून काय लपवायचं, बोललो.

सहा पन्नासला बुद्धभूषण आला, पाठीला बॅग तशीच.

“काका, ही पडलीत सगळी.”

“पडली नाहीत रे. झोपलीत.”

“झोपलीत?” दौलतराव म्हणाले. “तपासणीच्या वेळी?”

“रोजच झोपतात या वेळेला.”

“म्हणजे सवयच आहे. लिही बुद्धभूषण.”

पोरगा बिचारा ओशाळला. म्हणाला, “काका, मला कळतंय, पण पास कशाला म्हणायचं ते तुम्हीच लिहिलंय. मिटलेल्याला उघडं कसं लिहू?” आणि त्याचं बरोबर होतं, हाच तर संताप! माणूस चुकीचा असला तर भांडता येतं, बरोबर असलेल्या माणसाशी काय करायचं? गवत म्हणे.

पण नियमात एक फेरतपासणी असते. बुद्धभूषणनेच सांगितलं, “काका, दिवसाउजेडी ठेवू.” शनिवार, वीस तारीख, सकाळी दहा. त्या दिवशी ऊन स्वच्छ, चारही प्रकार असे उघडलेले की मी पानं मोजून घेतली, सहाशे बारा. दौलतराव खाली घड्याळ धरून उभे. दहा वाजून पाच झाले तरी बुद्धभूषण नाही. मी तीन मजले धापा टाकत चढलो. सोजरबाईने दार किलकिलं केलं आणि ओठावर बोट ठेवलं.

“हळू बोला. कुणीतरी रजेवर गेलं म्हणून लेकराला रात्रपाळी लागली. आत्ता कुठं डोळा लागलाय.”

“पण तपासणी...”

“तुमीच सांगा भाऊ, झोपलेल्याला उठवावं का?”

चार दिवस सगळ्या सोसायटीला मी तेच तर सांगत होतो. हळूच जिना उतरलो.

फेरतपासणी झाली नाही. पहिला निकाल कायम राहिला. मंगळवार, ता. २३ सप्टेंबर, दुपारी तीन वाजता वाफ्यावर पेव्हिंग ब्लॉक बसले, नग एकशे चार. दोन दुचाकींची जागा झाली. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात एक जागा मला लागली. माझ्याकडे सायकलसुद्धा नाही.