नाखवांना खेळ हवे होते

आमच्या उरणच्या गोमा नाखवांचं तुम्हाला सांगितलंच नाही. मुंबईत जगभरचे खेळाडू टेबल टेनिस खेळायला येणार, असं पेपरात आलं. दिवस रेशनचे. हॉटेलात सगळे चिडले.

"आपल्याला तांदूळ नाय, आनि पावने कशाला बोलावतान?"

नाखवा एकटेच म्हणत, "येऊ द्या. बोलवायलाच पायजेत."

"का नाखवा, तुमी खेळनार काय?"

लोक हसले. मला हसू आलं नाही. नाखवांचा मुलगा किसन परदेशी बोटीवर खलाशी म्हणून गेला होता आणि तीन वर्षं त्याचं पत्र नव्हतं.

मी त्यांना लाँचने मुंबईला नेलं. खेळ चालले होते तिथे दाराशी उभे राहून ते प्रत्येक परदेशी खेळाडूपुढे किसनचा फोटो धरत. एकाने हसून फोटो घेतला आणि त्यावर काहीतरी लिहिलं.

नाखवांनी फोटो माझ्यापुढे धरला. "वाचा, वाचा! कुठं हाय म्हनतो?"

ती त्या खेळाडूची सही होती. मी तसं सांगितलं. ते बराच वेळ फोटो धोतराला पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात कुणीतरी विचारलंच, "झाले ना खेळ? काय मिळालं?"

नाखवा म्हणाले, "सगले देश आलं नव्हतं. परत भरवा म्हनावं."