उकोय म्हणजे भाजीच

हॅलो?… जोवेलीन! बोल बाळा… तिकडे दोहाला सकाळचे अकरा ना? हॉस्पिटलातल्या पेशंटांची पथ्यं ठरवायची सोडून बापाला कशाला… काय? रक्ताचा रिपोर्ट? आईनं फोटो पाठवला?… बरं. बायको म्हणून आणली, हेर निघाली.

दोनशे साठ… हो, वाचता येतं मला. कोलेस्टेरॉल चढलंय, मान्य. या वयात दुसरं काय चढणार?

कुठे म्हणजे? बाहेर… चुरचुर? पाऊस पडतोय… बरं, तेल आहे. चायोंगच्या उकोयच्या गाडीपाशी उभा आहे.

उकोय बंद? कायमचं?… अगं ऐक ना, उकोय म्हणजे भाजी! किसलेला भोपळा, रताळं, मोडाचे मूग, कांद्याची पात. भाज्या खा, भाज्या खा, कोण म्हणतं? मी खातोय… तळली म्हणून काय ती भाजीतून उठली?… आणि वर करंदी, डोक्यासालासकट. नुसतं कॅल्शियम! परीक्षेच्या वेळी तूच घोकत होतीस, मी ऐकलंय.

हो, हो… पीठ तेल पितं. पिऊ दे. वर नारळाचं व्हिनेगर असतं ना, लसूण-मिरची घातलेलं? सगळं तेल कापून काढतं… कोण म्हणतं म्हणजे? आपलं अख्खं पाएते गाव म्हणतं… तुमच्या पुस्तकात नाही? मग पुस्तक लिहिणारा पाएतेला आलेला नसणार.

जोवेलीन?… अगं, रडतेस की काय?… ठाऊक आहे मला. तुझे आजोबा पासष्टीला गेले… हो, मला पुढच्या महिन्यात पासष्ट… नको रडूस. तिथल्या बायका बघतील… बरं. बरं बाई, ऐकतो तुझं.

आठवड्यातून एकदा? फक्त शनिवारी?… एकच. ठरलं… नाही, आईच्या वाट्यातलं घेणार नाही… अगं, चायोंग पीठ बशीवर पसरून तेलात सोडते, एक बशी म्हणजे एक. तेवढंच. बापाचा शब्द… आज? आज शनिवारच की!… योगायोग… हां, ठेव. जेव वेळेवर.

चायोंग, एकच हं! पोरीला शब्द दिलाय… छे, बशी नको. ती मोठी ताटली घे, ती… भर, काठापर्यंत भर…

हॅलो?… तू आहेस अजून?… ताटली? कुठली ताटली?… अगं… हसतेयस ना? मोठ्यानं हस जरा… हां. मग ठेवतो आता, पलटायची वेळ झाली.