शुभावहिनींची ऑडिशन

ऑडिशनला आलेल्यांवर हसताय ना, मग हे ऐका. आमच्या मुलुंडच्या हौशी ग्रुपने यंदा ते जुनं कौटुंबिक नाटक पुन्हा करायला घेतलं. त्यातला म्हातारा वर्षानुवर्षं आमचे नाना करायचे. नाना गेल्या वर्षी गेले. आणि म्हाताऱ्याच्या बायकोच्या भूमिकेसाठी ऑडिशनला कोण आलं, तर नानांच्या मिसेस, शुभावहिनी. बाईंनी जन्मात कधी स्टेजवर पाय ठेवला नव्हता.

आमचा दिग्दर्शक पराग म्हणाला, "वहिनी, ही स्क्रिप्ट घ्या."

"नको रे. नानांचं पाठांतर मीच घ्यायचे ना, स्वयंपाक करता करता. पाठ आहे सगळं."

नानांची वाक्यं मी वाचायला बसलो. पण पहिल्याच वाक्याला वहिनी अडकल्या.

"हात रिकामे असले की आठवत नाही रे," म्हणाल्या. मग बाजाराच्या पिशवीतून गवार काढली आणि मोडायला बसल्या. यार, एक शब्द चुकला नाही त्यांचा! परागने पेन खाली ठेवलं आणि नुसता ऐकत राहिला.

मधेच एक वाक्य बोलून त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी घाईघाईने स्क्रिप्ट बघितली. तिथे माझं वाक्यच नव्हतं.

"वहिनी, पुढचंही तुमचंच आहे," पराग हळूच म्हणाला.

"माहितीये रे," त्या म्हणाल्या. "पण इथे ते चहा मागायचे."