आक्काच्या वाटचा समुद्र

टाळ जरा मांडीवर ठेवा मंडळी, आणि मागं भिंतीला टेकलेत त्यांनी पुढं सरकावं. भिंत पडत नाही, मी बघून आलोय! आता ऐका. आज एक साधा प्रश्न विचारतो. माणूस फिरायला जातो, डोळे भरून बघून येतो. तर ते बघितलेलं कुणाचं? ज्यानं बघितलं त्याचं एकट्याचं? की जो घरी राहिला, त्याचाही त्यात वाटा असतो?

लगेच माना डोलवू नका, अजून उत्तर दिलेलं नाही मी. सुट्ट्या लागल्यात, निम्म्या गावाच्या बॅगा दाराशी आहेत, मला ठाऊक आहे. आज मंडपात एवढी जागा कशी? अर्धे महाबळेश्वरला! जाऊ द्या. देवानं एवढं जग मांडलंय ते काय दार लावून बसायला? मी स्वतः खिडकीच्या जागेसाठी भांडणारा माणूस आहे.

तर माण तालुक्यातलं एक गाव. तिथं शशिकांत काटकर नावाचे मास्तर. त्यांची आई कलावती, तिला सगळं गाव आक्का म्हणतं. आणि शेजारच्या खोलीत चुलती तान्हुबाई, म्हणजे आक्काची धाकटी जाऊ. दोघींचं चाळीस वर्षांत एकदाही भांडण नाही. हो, जावा असून! आख्यान आहे मंडळी, थोडा विश्वास ठेवा.

आक्काची एकच इच्छा होती, समुद्र बघायचा. सत्तर वर्षं झाली, पाणी पाहिलं ते विहिरीचं आणि टँकरचं. मास्तरांनी मनावर घेतलं. मिनीबस ठरवली, सोळा माणसं गोळा केली, तीन दिवसांची सहल आखली. आणि मास्तरच ते, सूचनांचा कागद छापला! घाट लागतो, पोट हलकं ठेवा. ज्याला मळमळतं त्यानं पुढं बसावं. लिंबू जवळ ठेवा. वाळूत चालायला जुन्या चपला घ्या. पाण्याची बाटली स्वतःची स्वतः आणा. आणि उलटीसाठी प्रत्येकाला एक प्लास्टिकची पिशवी मिळेल, ती हरवू नये. चांगल्या सूचना आहेत, लिहून घ्या, मी थट्टा करत नाही! पण कागदाच्या मागच्या बाजूला काय? बावीस पॉइंट. तीन दिवसांत बावीस! प्रत्येकापुढं वेळ. अमुक देऊळ वीस मिनिटं, तमुक किल्ला पंचवीस, समुद्र — दहा मिनिटं.

निघायला पंधरा दिवस राहिले आणि आक्का न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं, प्रवासाचं नाव काढायचं नाही. मास्तर सहल रद्द करायला निघाले. आक्कानं त्यांना हात धरून बसवलं. म्हणाली, सून माझ्यापाशी थांबेल, तू लोकांचा हिरमोड करू नको. मग तान्हुबाईकडं वळली.

"तान्हू, माझ्या जागंवर तू जा. माझ्या वाटचं दर्शन घिऊन ये."

"आणते आक्का," तान्हुबाई म्हणाली.

संपलं बोलणं. पण शब्द दिला होता. आता हा शब्द पुढं काय काय करतो ते बघा.

बस आली. पुढच्या काचेवर पाटी — कोकण दर्शन. तान्हुबाईनं एकेक अक्षर लावून वाचलं आणि हात जोडले. आता आपण सगळे शहाणे! आपल्याला माहीत आहे की बसच्या पाटीवरचं दर्शन वेगळं. खिडकीतून बघायचं, फोटो काढायचा, चहा प्यायचा, पुढं जायचं. तान्हुबाईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. दर्शन म्हणजे दर्शन! मग ती कशी निघाली? पहाटे डोक्यावरून न्हाऊन, उपाशी. हळदकुंकवाची डबी घेतली. आणि घरातला नारळ घेतला. मंडळी, माणमधून कोकणात नारळ!

पहिला पॉइंट आला, घाटातली दरी. सगळे कठड्याकडं धावले. तान्हुबाईनं आधी चपला काढल्या. मास्तर म्हणाले, काकी, खडी टोचेल, हे देऊळ नाही, हा पॉइंट आहे. ती म्हणाली, पाटीवर लिवलंय की दर्शन. आणि दरीला हात जोडून उभी राहिली. किती वेळ? मास्तरांच्या कागदावर होता त्याच्या दुप्पट. पुढं धबधब्याच्या जागी तेच, किल्ल्यापाशी तेच. गाडीतले लोक हसायचे. एक जण म्हणाला, आजी, आता पेट्रोल पंपाला पण हात जोडा. तर ती म्हणाली, जोडते की, त्याच्याबिगर इथवर आलो असतो का? घ्या!

मास्तरांचं मात्र रक्त आटत होतं. पहिल्या दिवशी आठ व्हायचे ते सहाच पॉइंट झाले. ते रात्रभर कागदावर खाडाखोड करत बसले असतील, तुमच्याआमच्यासारखेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्र आला. कुठला किनारा ते सांगत नाही. सांगितलं तर उद्या तुम्ही सगळे तिथंच! लांबच लांब वाळू, सुरूची झाडं, मागं माडांची रांग. खोपटातला नारळवाला तान्हुबाईच्या हातातला नारळ बघून चाट पडला. विचारलं, आजी, हा कुठून आणलात? ती म्हणाली, माणमधून, पाहुण्याकडं मोकळ्या हातानं जाऊ नये. त्या माणसानं कोयता काढला आणि तिचा नारळ फोडून दिला.

तान्हुबाई पाण्यात घोट्याइतकी गेली. कुंकू वाहिलं, खोबरं वाहिलं, हात जोडले. लाट आली, पाय धुऊन गेली. तिनं डोळे मिटले. आणि नेमका तेव्हाच मास्तरांनी शिट्टी फुंकली — दहा मिनिटं झाली! चला, सनसेट पॉइंटला पोचायचंय, सूर्य थांबायचा नाही.

आता तुम्हीच सांगा मंडळी. समोर समुद्र, समुद्रावर सूर्य टेकायला आलेला. तो तसाच सोडून ही सोळा माणसं गाडीत बसणार. कशाला? सूर्यास्त बघायला! का? तर त्या टेकडीवर तशी पाटी आहे. हसता काय? मागच्या वर्षी मीही गेलो होतो!

माणसं गाडीत बसली. तान्हुबाई हलेना. उलट ओल्या वाळूत फतकल मारून बसली. मास्तर चिडून आले. म्हणाले, काकी, एका माणसापायी सगळ्यांचा खोळंबा होतोय, दर्शन झालं ना तुमचं?

"माझं झालं रं," ती म्हणाली. "आक्काच्या वाटचं न्हाई झालं अजून. डोळं मिटून बघतीया, तिला कसं सांगायचं त्ये. तू जा गाडी घिऊन. मी आक्काला शब्द दिलाय."

आता मास्तरांचं बघा. अहो, सहल कुणासाठी आखली होती? आईसाठी! आई घरी खाटेवर, आणि लेकाला दोन दिवसांत तिची आठवण किती वेळा आली? पॉइंट मोजता मोजता एकदाही आली नाही. हे दुसऱ्या कुणी त्यांना सांगितलं नाही, त्यांचं त्यांनाच कळलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. हातातला कागद त्यांनी खिशात घातला, चपला काढल्या, आणि काकीशेजारी बसले.

ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. मग त्यानंही गाडी बंद केली आणि खाली उतरला. त्याच्यामागून एकेक करत सगळे आले. सूर्य तिथंच मावळला. सूर्याला काही पाटीची गरज नव्हती!

निघताना तान्हुबाईनं पदरातून उलटीची पिशवी काढली. कोरी करकरीत! पोट रिकामं ठेवल्यानं ती वापरायची वेळच आली नव्हती. त्यात तिनं ओली वाळू भरली. मग म्हणाली, शशी, तुझी बाटली दे. पाण्याची बाटली ओतून मास्तरांनी स्वतः लाटेत बुडवून भरली. बावीसपैकी अकरा पॉइंट झाले. कागदाचं काय झालं, विचारायला मी गेलो नाही.

घरी आले. आक्का खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती, डॉक्टरांनी तेवढी परवानगी दिली होती. मास्तरांनी आधी फोन पुढं केला, चारशे फोटो. आक्का चष्मा लावून बघत राहिली. शेवटी म्हणाली, "शशी, सगळ्यात तूच हायेस. तुझ्या कानामागं निळं दिसतंय, त्योच का समुद्र?"

तान्हुबाईनं घमेलं आणलं. त्यात वाळू पसरली, आक्काचे दोन्ही पाय वाळूवर ठेवले, बाटलीतलं पाणी ओतलं. आधी एक थेंब बोटावर घेऊन आक्काच्या जिभेला लावला. आक्कानं तोंड वाकडं केलं आणि लहान पोरीसारखी हसली. मग तान्हुबाई म्हणाली, आता डोळं मीट. त्यो येतो आक्का, पाय धुतो, आन् जाताना पायाखालची वाळू जरा घिऊन जातो. वाटतं, आपुनच निघालो.

घमेलं हळूहळू कलतं करायचं होतं, पुढं, मागं. ते कुणी केलं? मास्तरांनी. गुडघ्यावर बसून. पाणी आलं, पाणी गेलं, टाचांखालची वाळू सरकली. आक्कानं तान्हुबाईचा हात घट्ट धरला.

"गेली गं तान्हू," ती म्हणाली. "वाळू गेली. मी निघाले बघ."

फोन मास्तरांच्या खिशातच होता. त्यांनी तो काढला नाही.

तर मंडळी, प्रश्न काय होता? बघितलेलं कुणाचं! उत्तर घमेल्यात आहे. आता जा फिरायला, खुशाल जा. लिंबू घ्या, जुन्या चपला घ्या, पिशवी विसरू नका. आणि पायरी उतरण्याआधी एकदा मागं वळून बघा, दारात कोण उभं आहे? कोण खाटेवर आहे? त्याला विचारा, तुझ्या वाटचं काय आणू? जो उत्तर घेऊन निघेल त्याच्या पाटीवर दर्शन लिहावं. बाकीच्यांनी नुसतं भाडं भरावं! उचला टाळ, आणि देवाचं पहिलं नाव घरी राहिलेल्यांसाठी घ्या.