सव्वापाच ते सहा

—न्हाई न्हाई, त्या बाकड्यावर नका बसू, ग्रीस हाय त्याला, तुमची पँट पांढरी—आत या, पडद्याच्या आत, हितं माझं शिवनकाम चालतं, हितं काळं काय लागायचं न्हाई. त्या खुर्चीवर बसा. आन् आवाज जरा खाली. आमचे मिस्त्री भाईर स्कूटरखाली घुसलेत, पन कान त्यांचं पडद्यालाच लागल्यालं असत्यात. व्हय, मी वळखलं तुमाला. दुकानाम्होरं उभं राहून तीनदा मनगटावरचं घड्याळ बगितलंत, तवाच म्हनलं, हे आपल्या मृदुलाताईंचे मालक. श्रीपादराव. बरूबर ना? मग झालं तर. ताई मला बहिनीसारख्या, म्हंजी तुमी आमचे दाजी. आता दाजी असं लाल तोंड करून आल्यावर मी काय म्हनायचं?

कुनी सांगितलं तुमाला? लक्ष्मनरावांनी? अस्सं. परवा त्यांची स्कूटर हितं क्लचच्या वायरसाठी उभी व्हती, तवा आत डोकावत व्हतेच ते. म्हनले आसतील, वहिनी रोज मेकॅनिकच्या दुकानात शिरत्यात. शिरत्यात की. मी कुटं न्हाई म्हनते? कंपनीची बस सव्वापाचला नाक्यावर थांबती, ताई उतरत्यात, हितं येत्यात, आन् पावनेसहा वाजले की उठत्यात आन् रेल्वेचं फाटक ओलांडून सहाच्या ठोक्याला घरी. शनिवारी न्हाई, रविवारी न्हाई. बाकी रोज. घरी त्यांनी सांगितलंय बस पावनेसहाला येती—ते खोटं, मान्य. पन खोटं कशासाठी ते तरी इचाराल का न्हाई?

काय करत्यात? काय करत्यात म्हंजी? काय बी करत न्हाईत. तेच तर करायला येत्यात.

हसू नका—न्हाई, हसा, हसलात तर बरंच. पन मी खरं सांगते. येत्यात, चपला काढत्यात, त्या खाटंवर पाय वर घिऊन बसत्यात. एक घमेलं हाय, नवं हाय, मिस्त्रींच्या तेलाचं न्हाई—त्यात गरम पानी आन् मूठभर खडं मीठ, त्यात पाय सोडत्यात. कधी मासिक वाचत्यात. कधी मी काज करत असते ते बगत्यात. कधी नुस्तं डोळे मिटून. एकदा अर्धा तास भिंतीवरच्या पालीकडं बगत बसल्या आन् मला म्हनाल्या, "रोशनबी, हिला काही घाई नाही बघा." एवढंच. ह्याच्यात कुनाचं काय गेलं? पोरं तुमची साडेचारपास्नं शेजारच्या प्रभावतीकाकूंकडं, खाऊन-पिऊन सहापत्तूर मैदानात. त्यांना हाक मारली तरी येत न्हाईत. आन् तुमी सव्वापाचला कुटं असता? व्हॉलीबॉल. मला ठाव हाय. ताईंनीच सांगितलं, तक्रार म्हनून न्हाई—कौतुकानं. म्हनाल्या, "यांचा सर्व्हिसचा हात फार छान आहे." साडेसहापत्तूर तुमची सर्व्हिस चालती, ताईंनी कधी इचारलं, साडेसहा का म्हनून?

बरं, ऱ्हाऊ द्या. हे कसं सुरू झालं ते सांगते, मग तुमीच ठरवा.

गेल्या साली, दिवाळी झाल्यावर. मला पक्कं ठाव हाय, कारन पलीकडच्या चाळीतल्या लग्नाचे अकरा ब्लाऊज माझ्याकडं व्हते आन् मी मशीनवरनं मान वर करत नव्हते. भाईरनं मिस्त्रींनी हाक मारली—आमचे हे कधी हाक मारत न्हाईत, नुस्तं खाकरत्यात—म्हनून मी पळाले. तर जुन्या टायरांच्या ढिगावर एक बाई बसलेली. चांगली इस्त्रीची साडी, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात कागदांची पिशवी, तोंड पांढरंफटक. मिस्त्री चार हात लांब उभे, हातात पाना, काय करावं कळंना. बाईमानसाला हात कसा लावायचा? मी म्हनलं, ताई, आत चला. तर म्हनाल्या, "नाही, नाही, मला उशीर होतोय." आन् उठायला गेल्या त्या माझ्याच अंगावर—

—म्हंजी, बसल्या. माझ्या अंगाला टेकून बसल्या. चक्कर न्हाई, जरा डोळ्याम्होरं अंधारी आली. आत आनलं, पानी दिलं, खाटंवर आडवं केलं. आन् दाजी, दोन मिनिटांत झोप! ल्हान पोर झोपतं तशी. पिशवीची दोरी मुठीत तशीच, बोटं सोडवावी लागली. आता माझी मशीन किती वाजती तुमाला ठाव न्हाई, जुनी हाय, सगळं पत्र्याचं छप्पर थरथरतं. मी पायडलवर पाय ठिवला आन् काढून घेतला. म्हनलं, झोपू दे. आन् हात मांडीवर ठिवून बसले.

तुमाला हसू येईल, पन चाकनहून लग्न करून हितं आल्याला मला नऊ वर्सं झाली व्हती, आन् नऊ वर्सांत मी दिवसाउजेडी रिकाम्या हातानं बसले न्हवते. रिकामं बसायचं म्हंजी आजारी पडायचं, असंच मला वाटायचं. पयल्यांदा तर लाजच वाटली. वाटलं कुनी बगितलं तर? मग बगते तर काय, खिडकीतनं ऊन आत येतंय, मशीनवरच्या निळ्या कापडावर पडतंय, पलीकडं रूळावरनं मालगाडी चाललीय. रोज जात आसंल. मला कधी दिसलीच न्हवती. मान इतकी दुखत व्हती तेबी मला तवाच कळलं. बसल्यावर.

पावनेसहाला ताई ताडकन उठल्या. "किती वाजले?" हेच पयलं. मग साडी सारखी केली, पिना बगितल्या, माझा हात धरला आन् पळाल्या. तिसऱ्या दिवशी परत आल्या. तोंड पुसायला दिल्याला माझा पंचा धुऊन, इस्त्री करून आनलेला. पंचाला कुनी इस्त्री करतं का वो? दारात उभ्या राहून म्हनाल्या, "रोशनबी, पंधरा मिनिटं बसू का? तुमचं काम थांबवू नका." मी म्हनलं, काम कसलं, या. त्या पंधराचे वीस झाले, विसाचे तीस. तुमाला सांगू, त्यांच्यामुळं मी बी बसायला लागले. त्या आल्या की मशीन बंद. गिऱ्हाईकाला सांगते, सहानंतर. पयल्यांदा बाया कुरकुरल्या, आता त्याच म्हनत्यात, सहानंतर येते गं, तुझी सुट्टीची येळ हाय.

आन् चहाचं तर ऐकाच. मिस्त्रींना साडेपाचला चहा लागतो, गाडी दुरुस्त करत असू दे न्हाईतर पोलीस येऊ दे, साडेपाच म्हंजी साडेपाच. एक दिवस ते पडद्यापाशी उभे. मी बसलेली, ताई बसलेल्या. मी ताईंकडं बगितलं, ताईंनी माझ्याकडं बगितलं. कोन उठनार? कुनीच उठंना. मिस्त्री खाकरले. पुन्ना खाकरले. मग काय झालं कुनास ठाव, वळले, आन् मागं स्टो पेटवल्याचा आवाज! दाजी, ह्या मानसानं जन्मात स्टो पेटवला न्हवता. इंजिन पुरं खोलून जोडतील, पन स्टोला पिन मारता येत न्हाई म्हनायचे. चहा आला—काळा, आन् त्याला पेट्रोलचा वास. माझा तर घोट खाली जाईना. ताई शेवटपत्तूर प्याल्या. म्हनाल्या, "मिस्त्री, चहा उत्तम झालाय." मी म्हनलं, ताई, खोटं बोलू नका. तर म्हनाल्या, "खोटं नाही रोशनबी. हा मी केलेला नाही, मला बसल्या जागी मिळाला, आणि गरम आहे. आणखी काय हवं असतं?"

आता रोज तेच करत्यात. हात साबनानं धुऊन. पडद्याच्या पलीकडं स्वताचा कप घिऊन बसत्यात आन् तितनंच बोलत्यात आमच्याशी. खरं सांगते, आमच्यात आधी बोलनंच ऱ्हायलं न्हवतं. भाकरी झाली का, झाली. पानी आलं का, आलं. आता रात्री जेवताना इचारत्यात, रोशन, मान दुखती का? ...हे तुमाला कशाला सांगायला लागले मी. काय बी बोलते. ताई म्हनत्यात, रोशनबीच्या मशीनला ब्रेक हाय, तोंडाला न्हाई.

काय? खाटंखाली? ती बाटली व्हय—ती गोळ्यांची—ताईंच्या गोळ्या, लोखंडाच्या—

या अल्ला.

न्हाई, काय न्हाई त्यात. ताकदीच्या गोळ्या. सगळ्याच बाया घेत्यात. घरी का न्हाई ठेवल्या? हितं ठेवल्या, कारन... बसा ना, उठू नका. बरं. आता निम्मं सांडलंच हाय तर समदं सांगते, पन माझं नाव ताईंपाशी घेऊ नका. त्या दिवशी त्या टायरांवर बसल्या न्हवत्या. पडल्या व्हत्या. मिस्त्रींनी बगितलं, रस्त्याच्या कडंला पडल्या, ट्रक जात व्हता, मिस्त्रींनीच पाना टाकून धावत जाऊन वढलं आन् टायरांवर बसवलं. हात लावायचा का न्हाई ते इचार त्यांना मागनं आले. त्याच आठवड्यात मीच ताईंना दवाखान्यात नेलं, डॉक्टरीनबाईकडं. बाई म्हनाल्या, रक्त निम्म्यावर आलंय, गोळ्या खा, आन् संध्याकाळी घंटाभर पाय वर करून पडायचं. ताई म्हनाल्या, घरात कसं पडनार? घरात पाऊल टाकलं की कुकर, पोरांचा अभ्यास, पानी भरायचं. तुमी वाईट न्हाई वो. तुमी भाजी चिरून देता रविवारी, ते बी सांगितलंय त्यांनी. पन चटई टाकून पडली तर इचारनार ना तुमी, काय झालं म्हनून?

मी पन म्हनलं, सांगून टाका की मालकांना. तर काय म्हनाल्या ऐका. म्हनाल्या, "रोशनबी, ते रागावले असते तर मी सांगितलं असतं. ते रागावणार नाहीत. काळजी करतील. आणि दुसऱ्या दिवशी म्हणतील, सोड ती नोकरी." ह्याची भीती. तुमच्या रागाची न्हाई, दाजी, तुमच्या चांगुलपनाची. त्या टाइपाच्या खोलीत बारा बाया हायेत, ताई त्यांच्यातल्या सगळ्यांत पुढं. सायबाचं इंग्रजी ताई सुधारत्यात, सायब सही करतो. ते सांगताना तोंड बगा त्यांचं. ते का सोडायचं? अर्ध्या तासाच्या इसाव्यानं भागत असताना?

आन् आनखी एक म्हनाल्या, हसत म्हनाल्या, राग मानू नका. तुमचं काम काय ते मी इचारलं तर म्हनाल्या, हे कारखान्यात हातात घड्याळ घिऊन उभे राहत्यात, एक नग करायला किती मिनिटं ते मोजत्यात. मी म्हनलं, बाई गं, मग मानसानं मुतायला कधी जायचं? तर म्हनाल्या, "नाही, त्यात विसावा धरलेला असतो. दमणुकीचा, पाणी पिण्याचा. शंभर मिनिटांना बारा-पंधरा मिनिटं वर देतात. यांनीच भांडून एका खात्याला वाढवून दिली." मला लई कौतुक वाटलं तुमचं. मग म्हनाल्या, "घरी मात्र यांनी घड्याळ कधी काढलं नाही." बस्स. तेवढंच. आन् पानी गार झालं म्हनून पाय भाईर काढले.

...काय झालं? चष्मा का काढला? डोळ्यात काय गेलं का? पानी देऊ? घ्या, माठातलं हाय. अवो, आता बऱ्या हायेत त्या. मागच्या म्हयन्यात पुन्ना रक्त तपासलं, डॉक्टरीनबाईनं पाठीवर थाप मारली. आता जिना चढताना थांबत न्हाईत, तुमी बगितलं न्हाई का? गेल्या आठवड्यात तर हितं मिस्त्रींच्या गिऱ्हाईकाची सायकल उभी व्हती, ती घिऊन गल्लीत दोन फेऱ्या मारल्या साडी खोचून. कालिजात चालवायच्या म्हनं. व्हय? ठाव हाय तुमाला? तुमीच मागनं जायचा सायकलवर? आता बगा! हे न्हाई सांगितलं त्यांनी मला. इचारते आज—न्हाई, कसं इचारू, तुमी आलाच न्हाई ना हितं.

किती वाजले? सव्वापाचाला दोन कमी. दाजी, उठा. न्हाई, थांबता यायचं न्हाई. बसतो, भेटतो, एकत्र घरी जातो—ते काय बी न्हाई. ही येळ त्यांची हाय, हितं नवरा चालत न्हाई, माझा बी पडद्याच्या पलीकडं बसतो. तुमी त्यांना बगितलं की त्या उभ्या राहतील, चपला शोधतील, सगळी कथा सांगत बसतील, आन् पाय कोरडेच राहतील. आन् उद्यापास्नं त्या यायच्या न्हाईत, मला ठाव हाय. नोकरीचं बोलनार न्हाई ना? तोंडानं सांगा. हां. मग त्या आपल्या आपन सांगतील कधीतरी. तवा नवीन ऐकल्यासारखं ऐका.

हिकडनं न्हाई, हिकडनं नाका दिसतो. मागच्या दारानं, स्टोपाशी जरा वाका. तो हॉर्न—आली बस. काय? पोरं? प्रभावतीकाकूंकडनं पोरं मी घिऊन जाऊ का म्हनता? आन् कुकर? अवो, हे मला काय इचारता, पोरं तुमची, कुकर तुमचा! तांदूळ धुवा, पानी दोन बोटं वर, तीन शिट्ट्या. जमंल. व्हॉलीबॉल एक दिवस तुमच्याबिगर होईल. जा आता, पळा—फाटक पडंल. पळा, म्हनते ना!